शहराचे प्रगतिपुस्तक

इंदूरच्या जुन्या मराठी घरांमधून प्लेगच्या आठवणी अगदी परवापरवापर्यंत सांगितल्या जात. माझी आजी सांगत असे की, घरात उंदीर पडला की गाठोडी बांधायची, देव पेटीत ठेवायचे आणि शहराबाहेर रानात झोपडी घालून राहायचे. साथ ओसरली की परतायचे आणि आळीत कोण कोण उरले ते मोजायचे. ‘मोजायचे’ हा तिचाच शब्द. त्या मोजणीची नोंद कुठल्या दप्तरात झाली असेल का, हा प्रश्न लहानपणी मला पडला नाही. पुढे राज्य शासनाच्या सेवेत उभी हयात नोंदवह्यांच्या सहवासात गेल्यावर तो पडू लागला आणि निवृत्तीनंतर तर त्याने पाठच सोडली नाही. एखादी नगरपालिका वर्षानुवर्षे सुधारत आहे, हे आपण नेमके कशावरून ठरवतो? भाषणांवरून, इमारतींवरून, मिळालेल्या पुरस्कारांवरून, की आणखी कशावरून?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. आपल्या इंदूर शहराचा दीडशे वर्षांचा इतिहास त्यासाठी पुरेसा आहे.

१८१८ च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदुरास आली आणि खान व सरस्वती या दोन लहानशा नद्यांच्या काठचे हे गाव झपाट्याने वाढू लागले. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकिर्दीत, १८७० साली, येथे नगरपालिका स्थापन झाली. बक्षी खुमानसिंग हे तिचे पहिले अध्यक्ष. १९०६ मध्ये शहरात वीज आली, १९०९ मध्ये अग्निशामक दल उभे राहिले. संस्थानाचा कारभार कसा चालला आहे याचे वार्षिक अहवाल होळकर दरबार इंग्रजीत छापून प्रसिद्ध करीत असे. त्या काळच्या संस्थानांमध्ये ही पद्धत रुळलेली होती आणि तिचा उपयोगही मोठा होता. किती महसूल जमा झाला, कशावर किती खर्च झाला, कोणते काम पुरे झाले, हे आज आपल्याला कळते ते अशा अहवालांमुळेच.

परंतु असे अहवाल वाचण्याची ज्याला सवय आहे, त्याच्या एक गोष्ट ध्यानात येते. त्यांत मुख्यतः केलेल्या कामाची मोजदाद असते, त्या कामाच्या फळाची फारशी नसते. गटार बांधले याची नोंद सापडते. पण गटारामुळे त्या आळीतले आजार कमी झाले की नाही, हे सहसा सापडत नाही. पैसा कोठे गेला हे हिशेबनिसाला सांगता येते. तो कोणाच्या उपयोगी पडला, हे सांगायला हिशेबाबाहेर पडून आळीत जावे लागते.

इंदुरात तसे आळीत जाणारे एक गृहस्थ आले, ते पहिल्या महायुद्धाच्या काळात. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस. जन्माने स्कॉटिश, शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ आणि ध्यासाने नगररचनाकार असलेले हे गृहस्थ १९१४ साली हिंदुस्थानात आले तेव्हा साठीला पोचले होते. पुढल्या काही वर्षांत त्यांनी बडोद्यासह देशातील कितीतरी शहरांची पाहणी केली. १९१९ पासून ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते आणि पुढे ख्यातनाम झालेले डॉ. गो. स. घुर्ये हे त्यांच्या तिथल्या विद्यार्थ्यांपैकी एक. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या दरबाराने त्यांना इंदूरच्या नगररचनेविषयी सल्ला देण्यास पाचारण केले.

गेडिस यांची पद्धत त्या वेळच्या साहेबी रीतीपेक्षा वेगळी होती. आधी निदान, मग औषध, असे ते म्हणत. कचेरीत नकाशा पसरून रुंद रस्त्याची सरळ रेघ मारायची आणि त्या रेघेखाली येणारी घरे पाडायची, हा प्रकार त्यांना मान्य नव्हता. ते नकाशा हातात घेऊन पायी गल्लीबोळ हिंडत. कुठे पाणी साचते, कुठल्या चौकात झाड आहे, कुठले पडके घर काढले तर चार घरांना वारा मिळेल, हे टिपून घेत. शक्य तितके राखायचे आणि अत्यावश्यक तेवढेच कापायचे, अशी ही शस्त्रक्रिया होती.

इंदुरात हे काम चालू असतानाची एक गोष्ट पुढे गेडिस यांनीच सांगितली आहे. ते गल्लीतून जाऊ लागले की लोक आपसांत कुजबुजत आणि त्यांच्याकडे बोट दाखवत. चौकशी केल्यावर कळले की, हाच तो प्लेग घेऊन येणारा म्हातारा साहेब, असा लोकांचा समज झाला होता! साथ मोजायला आलेल्यालाच लोकांनी साथीचे मूळ ठरवले. सरकारी नोकरीत ज्याने कधी एखाद्या गावात पाहणी केली असेल, त्याला यात नवल वाटणार नाही. मोजणाऱ्याविषयी संशय हा मनुष्यस्वभावच आहे. मोजणाऱ्या साहेबामागोमाग करवसुली येते किंवा घरावर नांगर फिरतो, असाच लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता.

यावर गेडिस यांनी जी युक्ती योजली, ती नगर-कारभाराच्या इतिहासात अपूर्व म्हणावी लागेल. त्यांनी दरबाराकडे एका दिवसापुरते महाराजांचे अधिकार मागितले आणि जाहीर केले की, यंदा दिवाळीची मिरवणूक ठरलेल्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यांवर सर्वांत जास्त घरे झाडून, लिंपून, दुरुस्त केलेली दिसतील त्या रस्त्यांनी ती जाईल. घराघरांतला कचरा फुकट उचलून नेण्याची सोय करण्यात आली. मग काय विचारता! प्रत्येक मोहल्ल्यात ईर्ष्या पेटली. वर्षानुवर्षे अंगणांत साठलेली अडगळ हजारो गाड्या भरून बाहेर पडली, उंदीर पकडण्याची मोहीम जोरात चालली. दिवाळीला हत्ती, घोडे, उंट यांसह मिरवणूक निघाली. तिच्यात अस्वच्छतेचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता आणि त्यांच्यामागून शहरातले सफाई कामगार पांढरीशुभ्र वस्त्रे व हार घालून, नवे झाडू खांद्यावर घेऊन मानाने चालत होते. ज्यांची सावली टाळली जाई त्यांना त्या दिवशी शहराने वंदन केले. इंदूर नगरीची देवता म्हणून एक मूर्ती होती, तुळशीची रोपे वाटली गेली आणि शेवटी राक्षसाचे व उंदराचे दहन झाले.

त्यानंतर प्लेग ओसरला. मात्र त्याचे सारे श्रेय मिरवणुकीला देता येत नाही. साथीचा हंगामही सरत आला होता. लोकांचा साहेबाविषयीचा समज बदलला आणि शहर झाडून निघाले, एवढे निश्चित. १९१८ मध्ये गेडिस यांचा दोन खंडांचा अहवाल इंदूरच्या होळकर सरकारच्या छापखान्यात छापला गेला. नद्यांच्या काठांची स्वच्छता, बागा, घरबांधणी, एवढेच नव्हे तर इंदुरात विद्यापीठ असावे इथपर्यंतचा विचार त्यात आहे. भुयारी गटारांच्या महागड्या योजनेबद्दल मात्र त्यांचे मत प्रतिकूल होते. सारी घाण पाण्याबरोबर नळांत लोटण्यापेक्षा ती खत होऊन मातीत जावी, असा त्यांचा आग्रह होता. हे मत सर्वस्वी बरोबर की चूक, हा वाद तज्ज्ञांचा. परंतु त्यामागचा प्रश्न कायमचा आहे. जमिनीखाली गेलेली घाण डोळ्यांआड होते. ती खरोखर कुठे जाते, हे पुढे कोण पाहणार?

माझ्या दृष्टीने गेडिस-प्रकरणाचा बोध दुहेरी आहे. एक म्हणजे, लोकांना मापनात सहभागी करून घेतले, मोहल्ल्या-मोहल्ल्यांत निकोप चढाओढ लावली, तर शहर आठवड्यात बदलू शकते. आणि दुसरा असा की, एका दिवाळीने सुधारणा होते, पण ती टिकत नाही. मिरवणुकीचा मार्ग दर दिवाळीला त्याच कसोटीवर ठरत राहता तर कोणता मोहल्ला वर्षागणिक पुढे गेला आणि कोणता मागे पडला, याचा एक इतिहासच तयार झाला असता. सातत्याने सुधारणा व्हायला मोजणीही सातत्याने व्हावी लागते, आणि तीही त्याच मापाने.

स्वातंत्र्यानंतर शहराचा पसारा वाढत गेला. १९५१ मध्ये सुमारे ३ लाख असलेली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २० लाखांच्या घरात पोचली. १९५६ मध्ये नव्या मध्यप्रदेश राज्याची निर्मिती झाली आणि त्याच वर्षी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. तिला आपण इंदूरकर नुसते ‘निगम’ म्हणतो. यशवंतसागर, बिलावली यांचे पाणी पुरेनासे झाले, तेव्हा नागरिकांनी आंदोलन केले आणि १९७८ मध्ये सुमारे सत्तर किलोमीटरवरून, घाट चढवून, नर्मदेचे पाणी शहरात आले. ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांना ठाऊक आहे की, घरोघरी त्या पाण्याला हळदकुंकू वाहिले गेले होते. पाणी आले, ही मोठी सुधारणा. पण ते प्रत्येक नळापर्यंत शुद्ध पोचते का, हा तेव्हापासूनचा रोजचा, कंटाळवाणा आणि म्हणूनच दुर्लक्षिला जाणारा प्रश्न आहे.

येथे माझ्या नोकरीतला एक अनुभव सांगतो. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. सेवेच्या प्रारंभीच्या वर्षांत एका लहान नगरपालिकेच्या तपासणीस मी गेलो होतो. तक्रार-नोंदवही सुबक अक्षरात लिहिलेली होती आणि शेवटच्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक तक्रारीपुढे ‘निराकरण झाले’ असा शेरा होता. मी समाधानाने सही करणार, इतक्यात त्याच नोंदवहीत एका बाईंचे नाव आठ महिन्यांत सहा वेळा आलेले दिसले. तक्रार एकच : नळाच्या पाण्याला वास येतो. सहाही वेळा ‘निराकरण झाले’. कारकुनाला विचारले, तेव्हा त्याने प्रामाणिकपणे सांगितले की, साहेब, आमचा माणूस जाऊन पाहून आला की आम्ही निराकरण लिहितो. पाण्याचे काय झाले, हे लिहिण्यासाठी रकानाच नव्हता! मी त्या बाईंच्या घरी गेलो. त्यांनी पितळी तांब्यात पाणी आणून माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, “साहेब, तुम्हीच वास घ्या.” मी वास घेतला आणि परत येऊन सही न करता शेरा लिहिला. त्या तांब्याने मला जे शिकवले ते कोणत्याही प्रशिक्षण-वर्गाने शिकवले नाही.

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक दर्जा मिळाला. नगरपालिकांकडे सोपवायच्या १८ विषयांची यादी बाराव्या अनुसूचीत आली. पाठोपाठ शहरांची आपसांत तुलना करण्याचे युग सुरू झाले. महाराष्ट्रात २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने गावांमध्ये गुणांची स्पर्धा लावली, ती एका अर्थी गेडिस यांच्या मिरवणुकीचीच नवी आवृत्ती. आणि केंद्र सरकारचे स्वच्छ सर्वेक्षण आले तेव्हा आपल्या इंदूरने जे करून दाखवले ते सर्वविदित आहे. २०१६ मध्ये ७३ शहरांत पंचविसावा क्रमांक. २०१७ मध्ये ४३४ शहरांत पहिला. त्यानंतर पहिला क्रमांक इंदूरने सोडलाच नाही. २०२३ च्या सर्वेक्षणात सुरतेबरोबर तो विभागून मिळाला आणि २०२५ च्या जुलैमध्ये जाहीर झालेल्या निकालात अग्रेसर शहरांच्या विशेष गटातही इंदूरच अग्रभागी राहिले.

हे यश फुकाचे नव्हते. दारोदार जाऊन कचरा गोळा करणाऱ्या गाड्या, घरातच कचऱ्याचे वर्गीकरण, रस्त्यावरच्या कचरापेट्यांचे उच्चाटन, देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवर वर्षानुवर्षे साठलेल्या लाखो टन कचऱ्याच्या डोंगराची विल्हेवाट आणि २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झालेला, दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करण्याच्या क्षमतेचा कारखाना, ही सारी कामे डोळ्यांनी दिसणारी आहेत. त्यामागचे रहस्य मला विचाराल तर ते मोजणीत आहे. कोणती गाडी किती वाजता निघाली, किती वजन काट्यावर पडले, कोणती गल्ली राहिली, हे रोज मोजले जाऊ लागले. वर्षातून एकदा अहवाल लिहिण्याऐवजी दररोज संध्याकाळी हिशेब होऊ लागला. सकाळी गाडीचे गाणे ऐकून आपणही डबे घेऊन दारात उभे राहू लागलो. शतकापूर्वीच्या त्या मिरवणुकीत जो सन्मान एका दिवसापुरता होता, तो सफाई कामगारांच्या वाट्याला काही अंशी रोजचा झाला. याचा अभिमान आपण बाळगलाच पाहिजे.

पण २०२५ च्या डिसेंबरच्या अखेरीस याच शहरातल्या भागीरथपुरा या दाट वस्तीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले. शेकडो माणसे उलट्या-जुलाबांनी आजारी पडली आणि कित्येकांचे प्राण गेले. पाण्याला दुर्गंधी येते, अशा तक्रारी तेथील रहिवासी आधीपासून करीत होते, हे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. मृतांची अधिकृत संख्या आणि रहिवासी सांगत होते ती संख्या यांतही अंतर होते. देशातले सर्वांत स्वच्छ शहर, आणि नळाच्या पाण्याने मृत्यू! बातमी वाचली तेव्हा मला तो पितळी तांब्या आठवला.

काही जण म्हणाले की, मग ते सारे पुरस्कार खोटे. मला तसे वाटत नाही. सर्वेक्षणाचा भर कचरा, शौचालये आणि सांडपाणी यांवर होता. त्यांत शहर खरोखर सुधारले. २०२१ मध्ये इंदूरला देशातले पहिले ‘वॉटर प्लस’ शहर म्हणून गौरवण्यात आले, त्याचाही अर्थ सांडपाणी प्रक्रिया केल्यावाचून नदी-नाल्यांत सोडले जात नाही, एवढाच. पिण्याच्या नळाशी त्याचा संबंध नाही. जे मोजले ते सुधारले. जे मोजले नाही, किंवा मोजूनही कोणी वाचले नाही, ते जमिनीखाली गंजत राहिले. आणि आपण एका विषयातल्या पहिल्या क्रमांकाला सर्व विषयांतला पहिला क्रमांक समजलो. ही चूक केवळ निगमची नाही. मुलाच्या प्रगतिपुस्तकात एका विषयात शंभरपैकी शंभर गुण पाहून उरलेली पाने न उलटणाऱ्या पालकांसारखे आपण नागरिकही वागलो.

मग शहराचे खरे प्रगतिपुस्तक कसे असावे? निवृत्त माणसाने सल्ला देणे ही एक सामाजिक व्याधी आहे, हे मान्य करूनही चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, शहराची तुलना दुसऱ्या शहरांशी करण्यापूर्वी त्याच्या स्वतःच्या कालच्या स्थितीशी व्हावी, आणि माप दरवर्षी बदलू नये. दुसरी, सरासरी पुरेशी नाही. निगमचे ८५ प्रभाग आहेत. ८४ प्रभागांतले पाणी निर्मळ असले तरी पंचाऐंशीव्यातल्या माणसाला सरासरीचा उपयोग नाही. म्हणून दरवर्षी सर्वांत मागे असलेल्या प्रभागाचे नाव आधी वाचले जावे. तिसरी, तक्रार मिटली की नाही हे तक्रार करणाऱ्याने लिहावे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने नव्हे. आणि चौथी, मृत्यूची नोंद. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ पासून आहे. कोणत्या वस्तीत, कोणत्या महिन्यात, कशाने माणसे गेली, हे जो नकाशावर मांडील त्याला गटार कुठे फुटले आहे हे जमीन खणण्यापूर्वी कळेल. १८५४ मध्ये, ज्या वर्षी गेडिस जन्मले त्याच वर्षी, लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी पटकीचे मृत्यू नकाशावर मांडून एका पाणपंपाकडे बोट दाखवले होते. ही विद्या नवी नाही; ती वापरण्याची इच्छा हवी.

यात आपल्यासारख्या जुन्या कुटुंबांचे काम काय? आपण या शहरात दोन-दोन शतके नांदलो. राजवाडा, छत्र्या, आपल्या सभा आणि ग्रंथालये यांच्याविषयी आपण आत्मीयतेने लिहितो, बोलतो. पण आपल्या प्रभागातल्या पाण्याचा नमुना शेवटचा केव्हा तपासला गेला, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? ३ लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, अशी तरतूद घटनेत आहे. त्या जिवंत करण्यासाठी पार्षदाकडे जाऊन दोन प्रश्न विचारायला पद लागत नाही, वय तर आडवे येतच नाही. गेडिस त्रेसष्टाव्या वर्षी या शहराच्या बोळांतून नकाशा घेऊन पायी हिंडत होते, आणि ते तर परके होते.

आजी साथीनंतर परत येऊन आळीतली माणसे मोजत असे. भागीरथपुऱ्यातल्या लोकांनीही तेच केले. कोण उरले आणि कोण गेले, याची यादी त्यांनी स्वतःच सांगितली. शंभर वर्षांच्या अंतराने शहराला पुन्हा आपली माणसे अशी मोजावी लागली, हा शेरा आपल्या प्रगतिपुस्तकावर कायम राहील. तो खोडू नये. पुढल्या पानावर काय लिहिले जाईल, हे मात्र अजून ठरायचे आहे, आणि त्या पानावर पालक म्हणून सही आपल्यालाच करायची आहे. सही करण्यापूर्वी एकदा पाण्याचा वास घ्यावा, इतकेच.